टाइप रेटिंग झालं, आता कंपनीत: इंदूरहून एटीआरच्या उजव्या सीटपर्यंत

मागच्या महिन्यात माझं लाइन रिलीज झालं. म्हणजे उजव्या सीटवर मी (फर्स्ट ऑफिसर, सहवैमानिक) असले तर डावीकडचा कॅप्टन ट्रेनरच हवा, ही अट गेली. आता रोस्टरवर ज्यांचं नाव येईल त्यांच्याबरोबर जायचं. टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता) कुठे करावं, कर्ज कोण देतं, सिममध्ये (विमानाची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये) काय विचारतात, यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं. पण कंपनीत रुजू झाल्यापासून रिलीजपर्यंतचे महिने कसे जातात हे मी शोधत होते तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. जे लागलं त्यात लँडिंगचे व्हिडिओच जास्त. म्हणून हे लिहून ठेवते. विमान एटीआर ७२-६००, दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान. कंपनीचं नाव देत नाही. त्याआधी मी इंदूरच्याच विमानतळावर एका फ्लाइंग क्लबात सेसनावर शिकवत होते, तेव्हा विमान चालवायची भीती नव्हती. भीती होती ती मॅन्युअलच्या जाडीची.

ऑफर लेटर जून २०२४ मध्ये आलं. सोबत यादी: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स), त्यावर टाइपची नोंद, क्लास वन मेडिकल, एफआरटीओएल आणि आरटीआर (रेडिओवर बोलायचे परवाने), पासपोर्ट, आधार, दहावी-बारावीच्या मार्कशीट, पोलीस व्हेरिफिकेशन. सगळं फाइलमध्ये तयार होतं. अडलं ते नावावर. मध्य प्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर माझं नाव आणि आडनाव एवढंच आहे, वडिलांचं नाव खाली वेगळ्या ओळीत. आधार काढताना बाबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे मधे स्वतःचं नाव घातलं. पासपोर्टात ते गिव्हन नेममध्ये जाऊन बसलं. लायसन्स निघालं मार्कशीटवरून. विमानतळाच्या एंट्री पाससाठी बीसीएएसची (विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याची) बॅकग्राउंड चेक होते आणि तिला या सगळ्या कागदांवर एकच बाई दिसावी लागते. जिल्हा कोर्टाबाहेर स्टॅम्प पेपर, टायपिंग आणि नोटरी मिळून तीनशे रुपयांत 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं शपथपत्र झालं. कंपनीने ते घेतलं खरं, पण फाइल मागे-पुढे फिरण्यात जुलै गेला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलामुलींना ही भानगड हमखास होते. फ्लाइंग सुरू करतानाच, डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायच्या आधी, सगळीकडचं नाव एक करून घ्या. तेव्हा ते काम दोन फॉर्मांचं असतं.

पोलीस व्हेरिफिकेशनसाठी थाण्यातून हवालदार घरी आले. शेजाऱ्यांच्या सह्या लागतात हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर भर दुपारी कुणाची तरी झोप मोडावी लागते.

ऑगस्टमध्ये हैदराबादला इंडक्शन. शमशाबादला दुसऱ्या एका मुलीबरोबर खोली घेतली, माझ्या वाट्याला महिना साडेसहा हजार. रिलीज होईपर्यंत पूर्ण पगार नसतो, स्टायपेंड असतो, आणि टाइप रेटिंगच्या कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण असतो. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मगच नोकरीवर जा, एवढंच या बाबतीत सांगेन.

वर्गातले विषय सगळ्या कंपन्यांत साधारण तेच: डेंजरस गुड्स, एव्हिएशन सिक्युरिटी, सीआरएम (क्रूने मिळून काम कसं करायचं ते), ड्यूटीच्या तासांचे नियम, पावसाळी हवामान, आणि सेफ्टी-इमर्जन्सी. डेंजरस गुड्सचे नऊ वर्ग पाठ करायला सोपे आहेत. त्यांचं लेबल चुकीच्या बॉक्सवर लावलेलं ओळखणं अवघड. सेफ्टीत धुराने भरलेल्या केबिनमधून चाचपडत बाहेर यायचं आणि लाइफ जॅकेट घालून तलावात उतरायचं. पोहता येत नसलेला एक मुलगा फार घाबरला होता. जॅकेट तरंगवतं, तुम्ही फक्त पाय मारा, असं सांगून प्रशिक्षकांनी त्याला उतरवलं. संध्याकाळी सर्वांत जास्त तोच बडबडत होता.

मग कंपनीची एसओपी (कामाची ठरलेली पद्धत) हातात आली. इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळं घोडं इथेच अडतं.

टाइप रेटिंग एका संस्थेत झालेलं असतं. तिथे विमान बनवणाऱ्याच्या मॅन्युअलप्रमाणे शिकवतात. कंपनी त्याच मॅन्युअलवर आपली पद्धत चढवते: कुठल्या कॉलआउटला (मोठ्याने सांगायच्या सूचनेला) कोणते शब्द, कोणता फ्लो (स्विचांवरून हात फिरवायचा ठरलेला क्रम) कधी, चेकलिस्ट कोण मागणार, कोण वाचणार, कोणता स्विच बोट ठेवून दुसऱ्याला दाखवल्याशिवाय हलवायचा नाही. फरक बारीक असतात आणि म्हणूनच छळतात. तोंडात जुना शब्द बसलेला असतो. वर्गात आम्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले होतो. पहिल्या आठवड्यात एकाच टेकऑफचे इतके पाठभेद निघाले की प्रशिक्षक म्हणाले, "प्रत्येकाचं बरोबर आहे. आता सगळे विसरा."

टेकऑफचंच उदाहरण घ्या. एटीआरचं नाकाचं चाक वळवायचा टिलर फक्त कॅप्टनच्या बाजूला असतो. त्यामुळे फर्स्ट ऑफिसर विमान उडवणार असला तरी धावपट्टीवरची सुरुवातीची दिशा कॅप्टन टिलरने सांभाळतात, उजवीकडचा फक्त कंट्रोल कॉलम धरून असतो, आणि सत्तर नॉट्सला ताबा तोंडाने बोलून बदलतो. लँडिंगनंतर हेच उलट. शिवाय चाकं टेकल्यावर दोन्ही प्रोपेलर लो पिचमध्ये (पात्यांच्या कमी कोनात) आल्याचे दिवे लागले का, हे न उडवणारा बघून मोठ्याने सांगतो. ते ऐकल्याशिवाय रिव्हर्सला (प्रोपेलरचा जोर उलटा करून वेग कमी करायला) हात नाही. एक दिवा लागला नाही आणि रिव्हर्स ओढला तर विमान एका बाजूला खेचलं जाईल. सेसनात असं काही नाही. तिथे मी एकटी बघायचे, एकटी ठरवायचे.

सात सप्टेंबरला गणपती होते. सिम त्यानंतर होतं, म्हणून चार दिवस घरी आले. येताना कॉकपिटचं मोठं पोस्टर छापून आणलं, फ्लेक्सवाल्याने चारशे रुपये घेतले. सुदामा नगरच्या घरात बाहेरच्या खोलीत गणपती आणि आतल्या खोलीत भिंतीवर एटीआर. समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. चेकलिस्ट वाचायला बाबा. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. कागदावर लिहिलेलं वगळायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम. चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा, ओळ वाचायची, माझ्या हाताकडे बघायचं, मी पोस्टरवर बोट ठेवून उत्तर दिलं की मगच पुढची ओळ. मधेच आरतीला हाक आली तर "होल्ड" म्हणून ओळीवर अंगठा धरून बसत. संस्थेत आम्ही बरोबरीची पोरं हाच सराव एकमेकांचं वाक्य तोडत करायचो. बाबांच्या संथपणामुळे मला पहिल्यांदा कळलं की चेकलिस्टचा वेग हा ऐकणाऱ्याचा असतो. आणि चेकलिस्ट मधे तुटली तर काय, याचंही उत्तर तिथेच मिळालं: कुठवर आलो याची खात्री असेल तर तिथून, नसेल तर पहिल्या ओळीपासून.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सिम झालं. इंजिन बंद पडणं, आग, डोळे झाकल्यासारख्या ढगातून अ‍ॅप्रोच, हे सगळं टाइप रेटिंगलाही होतंच. इथे परीक्षक बघत होते ते वेगळं. मी शिकवणारी असल्याने माझा हात नेहमी कंट्रोलजवळ तरंगत असायचा. विद्यार्थी चुकला की पकडायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. कंपनीत तुम्ही पायलट मॉनिटरिंग (न उडवता लक्ष ठेवणारे) असता तेव्हा हात मांडीवर आणि डोळे काट्यांवर. वेग घसरला तर "स्पीड" म्हणायचं. समोरच्याने "करेक्टिंग" म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर पुन्हा म्हणायचं. तरीही नाही आलं तर ताबा घ्यायचा, तोही बोलून. आपल्याकडच्या मुलांना यात खरी अडचण येते ती शेजारी बसलेल्या माणसाच्या वयाची. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं "स्पीड" म्हणायला जीभ उचलत नाही, ती आपोआप "सर, थोडा स्पीड…" करायला जाते. पण हजार फुटांखाली 'सर, थोडा'ला वेळ नसतो. एका वयस्क ट्रेनरनी मला सरळ सांगितलं, "खाली उतरल्यावर हवं तर नमस्कार कर. वर फक्त आकडा सांग."

यानंतर वाट बघणं. ट्रेनर कमी आणि रांग मोठी, म्हणून ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी फ्लाइटवरचं प्रशिक्षण, सुरूच झालं नाही. हा काळ कुणी सांगत नाही आणि मनाला सर्वांत जास्त हाच खातो. दिवाळीत प्रत्येक नातेवाईक विचारतो, "झालं का गं सुरू?" आणि कंपनीकडून येतात ती परिपत्रकं. टॅबलेटवर 'वाचलं' असं टिचकी मारून पाठवायची. त्यातली निम्मी जुन्या परिपत्रकाची दुरुस्ती असतात. मी एक वही केली: डाव्या पानावर जुना शब्द, उजव्या पानावर नवा, वर तारीख. पुढे ट्रेनरनी विचारलं की बदल सांगता यायचा, आणि नवा नियम जुन्यावर घट्ट बसायचा. या महिन्यांत हात विसरू नयेत म्हणून रोज एकदा, इंजिन सुरू करण्यापासून पार्किंगपर्यंत, पोस्टरसमोर बसून पूर्ण फ्लाइट बोलून काढायची. घरच्यांना सवय होते.

डिसेंबरात रॅम्पची (विमानं उभी राहतात त्या जागेची) ओळख करून घ्यायची होती आणि स्टेशन निवडायला मुभा होती. मी इंदूर मागितलं. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचा टारमॅक मला क्लबाच्या बाजूने पाठ होता. प्रवासी विमानांच्या बाजूने तो वेगळाच निघाला. पिवळं-हिरवं जॅकेट, कानांवर मफ, मोबाइल बंद, आखलेल्या वाटेनेच चालणं. सकाळी साडेपाचला बिजासनच्या टेकडीकडून असा गारठा यायचा की वॉक-अराउंडची (विमानाभोवती फिरून करायच्या तपासणीची) टॉर्च धरवत नसे.

तिथे एक इंजिनिअर काका भेटले. मी सुदामा नगरची म्हटल्यावर म्हणाले, "मग मराठीत बोला ना मॅडम, इंग्रजी दिवसभर आहेच." त्यांनी मला आधी विमानाच्या उजव्या बाजूला नेलं, पण बऱ्याच अंतरावर उभं केलं. एटीआरला एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन) नसतो. त्याऐवजी दोन नंबरचं, म्हणजे उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा प्रोपेलर ब्रेकने थांबवून धरता येतो. त्याला हॉटेल मोड म्हणतात. वीज आणि केबिनची थंड हवा त्यावर चालते. प्रवासी डाव्या बाजूने, मागच्या दाराने चढतात. सामानाचं दार त्याच बाजूला, पण पुढे. काका म्हणाले, "पंखा उभा दिसतो ना? नवीन पोराला वाटतं इंजिन बंद. आता मागे बघा." एक्झॉस्टच्या मागे पलीकडचं कुंपण पाण्यातून बघितल्यासारखं थरथरत होतं. सहा पाती स्तब्ध, आणि त्यांच्यामागे चालू इंजिन. पुस्तकात हॉटेल मोडवर मी पानंच्या पानं वाचली होती: मागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा, प्रोपेलरचा ब्रेक सोडण्याआधी खालच्या माणसाकडून जागा मोकळी असल्याची खात्री. ही खात्री का मागायची, हे त्या थरथरत्या कुंपणाकडे बघून एका मिनिटात कळलं.

त्यांनी दाखवलेल्या आणखी गोष्टी: चढ-उतार चालू असताना शेपटीखाली लावायचा टेल स्टँड, कारण प्रवासी मागून चढतात आणि वजन मागे गेलं तर नाक उचललं जाऊ शकतं, पंखांच्या पुढच्या कडेचे काळे रबरी बूट, जे फुगून बर्फ फोडतात आणि ज्यांवर बोटाएवढी चीरही चालत नाही, लँडिंग गिअरच्या (चाकांच्या सांगाड्याच्या) पिना, ज्या मोजूनच आत ठेवायच्या.

लोडर मंडळींकडून शिकले ते वेगळंच. विमान बेवर (उभं राहायच्या जागी) आलं तसा एक नवीन मुलगा चॉक्स (चाकांना लावायचे अडसर) घेऊन पुढे सरकला, तेवढ्यात म्होरक्याने त्याची कॉलर धरली, "पंखा रुकने दो भिया!" डावा प्रोपेलर पूर्ण थांबेपर्यंत कुणी हललं नाही. त्यानंतर मी कॉकपिटातून दिलेल्या प्रत्येक खुणेकडे वेगळ्या नजरेने बघते. चॉक्स काढायची खूण: हात चेहऱ्यासमोर एकमेकांवर, तळवे बाहेरच्या बाजूला, आणि मग हात बाजूला न्यायचे. लावायची नेमकी उलटी. ब्रेक लावले हे सांगायला उघडा पंजा चेहऱ्यासमोर धरून मूठ वळायची. सोडले हे सांगायला मूठ उघडायची. अर्धवट, घाईत केलेली खूण खालच्या माणसाला दोन्ही अर्थांनी दिसू शकते. माझं मत विचाराल तर कंपन्यांनी रॅम्पचे दिवस सिमच्या आधी ठेवावेत. वरच्या कितीतरी कॉलआउटांचा अर्थ खाली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लाइन ट्रेनिंग लागलं. आधी जंप सीटवरून (कॉकपिटातल्या मागच्या जादा सीटवरून) बघणं, मग उजवी सीट, मागे सेफ्टी पायलट. दिवसाची सुरुवात ब्रीदलायझरने. ही चाचणी पिणाऱ्यांसाठीच असते असा घरच्यांचा समज होता. नियमाप्रमाणे अल्कोहोल असलेलं माउथवॉश किंवा औषधही चालत नाही. आमच्याकडे सर्दीला आईची होमिओपॅथी चालते आणि त्या औषधांत बऱ्याचदा अल्कोहोलच असतं. तो डबा आता माझ्यापुरता बंद. ड्यूटीच्या काळात कुठलंही औषध कंपनीच्या डॉक्टरांना विचारून घ्या, पानवाल्याकडचं माउथ फ्रेशनरसुद्धा लेबल वाचून.

नंतर फ्लाइट प्लॅन, हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), टेक लॉग (विमानाच्या दुरुस्तीची नोंदवही), वॉक-अराउंड, लोड अँड ट्रिम शीट (वजन आणि तोलाचा हिशोब). पहिल्या आठवड्यांत वेळ पुरत नाही. एटीआरचे सेक्टर (एका उड्डाणाचे टप्पे) छोटे. जबलपूरहून निघालो की क्रूझमध्ये श्वास घेते न घेते तोच उतरायची तयारी, आणि दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. अर्ध्या तासाच्या टर्नअराउंडमध्ये जेवायचं कधी, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. मी डब्यात थालीपीठ न्यायला लागले. एका हाताने खाता येतं, सांडत नाही, आणि गार झालं तरी चालतं.

ट्रेनर बदलत राहतात आणि प्रत्येकाचा एकेक लाडका विषय असतो. एकांना ब्रीफिंग लांबलेलं खपत नसे, दुसऱ्यांना टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) चेकलिस्टची घाई. आधी वाटायचं, यांचंच आपसात जुळत नाही. मग लक्षात आलं की आवडीनिवडी वेगळ्या असल्या तरी मुख्य कॉलआउट एकाच शब्दांत येतात, म्हणूनच ज्यांना मी पहाटे पाचला पहिल्यांदा भेटते त्यांच्याबरोबर सव्वासहाला टेकऑफ घेता येतो. प्रत्येक सेक्टरनंतर फाइलमध्ये शेरा लिहिला जातो. तो त्याच दिवशी वाचा आणि न समजल्यास तिथेच विचारा. दुसऱ्या दिवशी वेगळे ट्रेनर असतात, त्यांना फक्त कागद दिसतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी इंदूरला लँडिंग माझं होतं. धावपट्टी पंचवीस, पश्चिमेचा झोंबणारा वारा, तापमान चाळीसच्या वर. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर आहे, त्यात ही उष्णता, म्हणजे हवा विरळ आणि हवेतला खरा वेग काट्यावरच्यापेक्षा जास्त. सेसनातून याच पट्टीवर किती वेळा उतरले असेन. पण या वेळी सुपर कॉरिडॉरचा रस्ता कुठे दिसतो, आमचं घर कुठल्या दिशेला, हे बघायला डोळे मोकळेच नव्हते. चाकं टेकली, कॅप्टननी "टू लो पिच" (दोन्ही दिवे लागले) म्हटलं, सत्तरला ताबा त्यांच्याकडे. बेवर मार्शलर (खुणांनी विमान जागी आणणारा) उभा होता, आणि जरा मागे तेच काका, कानांवर मफ लावून. त्यांनी ओळख दाखवली नाही. पंखा थांबायचा होता.

मधे मार्चमध्ये सहामाही पीपीसी (वैमानिकाच्या कौशल्याची तपासणी) झालं, मे महिन्यात रूट चेक (प्रत्यक्ष मार्गावरची परीक्षा), आणि मग रिलीज. रिलीज म्हणजे मेजवानी वगैरे काही नसतं. ईमेल येतो आणि रोस्टरचा रंग बदलतो.

आता तारखांची वही वेगळी केली आहे: मेडिकल, पीपीसी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, डेंजरस गुड्स, सिक्युरिटी, सेफ्टी, एंट्री पास. प्रत्येकाची मुदत वेगळी आणि एक जरी संपली तरी रोस्टरवरून नाव जातं. कंपनी आठवण करून देते, पण भरवसा स्वतःच्या वहीवर ठेवा. माझं मेडिकल ऑगस्टमध्ये संपतंय. अपॉइंटमेंट आत्ताच घेतली, कारण रक्ताचा एखादा रिपोर्ट पुन्हा करायला सांगितला तर हातात दिवस हवेत.